थंडीनं उसाचा उतारा वाढतो, मग कापसाचा का घटतो?

कासारसाई (ता. मुळशी) : पहाटे धरणाच्या पाण्यावर धुकं दिसायला लागलं की आपल्याकडचा ऊसवाला मनातून खूश होतो. थंडी पडली, आता उतारा वाढणार. कासारसाई-दारुंबरे इथल्या संत तुकाराम कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि चहाच्या टपरीवर बोलणं एकच, यंदा उतारा किती लागणार.

पण याच दिवसांत ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या माणसाला विचारून बघा. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर टोळ्या येतात. त्यातल्या पुष्कळ घरांची गावाकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असते, आणि त्या जमिनीत बहुतेक वेळा कापूस असतो. एक-दोन वेचण्या उरकायच्या, मुकादमाची उचल घेतलेली असते म्हणून कोयता घेऊन निघायचं, आणि मागं राहिलेली बोंडं म्हाताऱ्या आईबापांवर सोडायची. जी थंडी आपल्या उसात साखर भरते, तीच थंडी त्या मागं राहिलेल्या बोंडातला धागा कच्चा ठेवते. एकाच रात्रीचे हे दोन हिशोब आहेत. यंदा ते समजून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण सप्टेंबरच्या पावसानं कापसाचं सगळं वेळापत्रकच पुढं ढकललंय.

दोन्ही पिकांत मूळ माल एकच

ऐकायला नवल वाटेल, पण कापसाचा धागा म्हणजे साखरेचाच बनलेला असतो. पान उन्हात साखर तयार करतं. उसात ती साखर कांड्यांमध्ये साखर म्हणूनच साठते. कापसात ती बोंडात जाते, तिथं तिचे तुकडे होतात आणि त्यातल्या ग्लुकोजचे कण एकाला एक जोडून लांबच लांब साखळ्या तयार होतात. या साखळ्यांना सेल्युलोज म्हणतात. वाळलेल्या, पक्क्या धाग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग सेल्युलोजचाच असतो.

आता थंडी काय करते ते बघा. उसाला वाढायला ऊब लागते. रात्री गार झाल्या की उसाची वाढ मंदावते, पण दिवसा ऊन असतं, पान साखर बनवतच राहतं. वाढीवर होणारा साखरेचा खर्च थांबला, म्हणजे ती शिल्लक राहते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत उतारा चढतो, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात, त्यातही तोडलेला ऊस गाडीत वाळत पडला तर, पुन्हा उतरतो.

कापसात मात्र नुसती साखर साठून भागत नाही, तिचा धागा व्हावा लागतो. या कामाला ऊब लागते. रात्रीचं तापमान साधारण २०-२२ अंशांच्या खाली गेलं की सेल्युलोज भरण्याचा वेग कमी व्हायला लागतो, आणि १५ अंशांच्या आसपास तर काम फारच मंदावतं. म्हणजे कच्चा माल दारात येऊन पडलाय, पण माग थंड पडलाय, अशी बोंडाची अवस्था होते.

बोंडाच्या आत पन्नास दिवस काय चालतं?

कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलतं त्याच दिवसाच्या सुमारास बाहेर येते आणि लांब व्हायला लागते. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात. पुढं कामाचे दोन टप्पे असतात.

पहिला टप्पा लांबीचा. फूल उमलल्यापासून साधारण वीस-पंचवीस दिवस तंतू फक्त लांब होतो. तेव्हा तो पाण्यानं फुगवलेल्या बारीक नळीसारखा असतो. या काळात पाण्याचा ताण पडला किंवा फार उष्णता झाली तर धागा आखूड राहतो.

दुसरा टप्पा भरणीचा. नळीच्या आतल्या बाजूनं सेल्युलोजचे थर बसत जातात. हे काम आणखी वीस-पंचवीस दिवस चालतं. शंभरेक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये कापसावर काम करणाऱ्या लॉरेन्स बॉल्स या शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं की, धागा फुगवून पाहिला तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर दिसतात, आणि हे थर रोजचे असतात, दिवसाला एक. ऊन-थंडीचा रोजचा फेरा धाग्यात असा नोंदवला जातो. गरम दिवसाचा थर जाड बसतो, गारठ्याचा पातळ.

शेवटी बोंड वाळतं, उकलतं, आणि आतली नळी बसून तिला पीळ पडतो. भरणी पुरी झालेली असेल तर धागा घट्ट आणि मजबूत होतो. अर्धवट असेल तर फुगा सुटल्यासारखा चपटा पडतो. दिसायला पांढराच असतो, पण त्यात जीव नसतो.

उबदार दिवसांत फुलापासून बोंड उकलेपर्यंत ४५-५० दिवस लागतात. थंडीत तेच बोंड ६० दिवस आणि त्याहूनही जास्त घेतं, आणि तरीही पुरतं भरत नाही.

उष्णतेचंही दुखणं आहेच

ऊब चांगली म्हटलं म्हणून जितकं गरम तितकं भलं, असं नाही. बोंडाच्या वाढीला दिवस-रात्रीची सरासरी २५-२६ अंशांच्या आसपास मानवते. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढं राहायला लागलं की परागकण कमजोर होतात, पात्या आणि लहान बोंडं गळतात. जी टिकतात ती घाईनं पिकतात, म्हणून बोंड लहान, धागा आखूड आणि जाडाभरडा होतो. ऑक्टोबरची उन्हाची तिरीप आणि त्यात जमिनीतली ओल संपलेली, हा कोरडवाहू कापसाचा नेहमीचा फटका आहे.

थोडक्यात, फार उष्णतेत धागा आखूड आणि जाड होतो, तर थंडीत बारीक आणि कच्चा राहतो. व्यापाऱ्याला दोन्ही नको असतात.

बाजारात हे कसं मोजतात?

धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. भरणी मोजायला मायक्रोनेअर नावाचं माप आहे. ठराविक वजनाचा कापूस एका डबीत दाबून त्यातून हवा सोडतात. धागे बारीक आणि चपटे असतील तर हवा अडते आणि आकडा कमी येतो. धागे भरलेले, जाड असतील तर हवा सहज जाते आणि आकडा जास्त येतो. साडेतीनच्या खालचा आकडा म्हणजे धागा बहुधा कच्चा, पाचच्या वर म्हणजे जाडाभरडा.

२०२५-२६ हंगामासाठी केंद्रानं लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव ठरवलाय. गेल्या वर्षीपेक्षा दोन्हींत ५८९ रुपयांची वाढ आहे. यातला ८,११० चा भाव कोणत्याही पांढऱ्या कापसाला नाही. त्यासाठी धाग्याची लांबी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३ अशी अट आहे. शिवाय ओलावा. भारतीय कपास निगम ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत जितके टक्के जास्त तितके टक्के भाव कापला जातो, आणि १२ च्या वर माल घेतलाच जात नाही. १२ टक्के ओलाव्याचा कापूस असेल तर ८,११० चे साधारण ७,७८५ होतात.

कच्चा कापूस सूतगिरणीला का नको, तेही समजून घ्या. कच्चे धागे पिंजताना तुटतात, त्यांच्या बारीक गाठी होतात. कापड रंगवलं की या गाठी रंग धरत नाहीत, गडद कापडावर पांढरे ठिपके दिसतात. एका थप्पीतला कच्चा माल अख्ख्या लॉटच्या कापडाला बाधतो.

आणि एक गंमत. ‘उतारा’ हा शब्द फक्त उसाचा नाही. जिनिंगवालेसुद्धा उतारा म्हणतात, म्हणजे शंभर किलो कापसातून रुई किती निघाली ते. धागा पोकळ राहिला तर त्याचं वजन कमी, सरकी मात्र तेवढीच. म्हणजे थंडीनं कारखान्याचा उतारा चढतो आणि जिनिंगचा उतारा पडतो.

यंदाच्या पावसानं काय केलं?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. बीड, धाराशिव, नांदेड, शेजारी सोलापूर, नद्या शेतात शिरल्या. राज्य सरकारनं ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. नुकसानीच्या पंचनाम्यात वाहून गेलेलं, सडलेलं पीक मोजलं जातं. पण कापसाचं एक नुकसान असं आहे की जे पंचनाम्यात दिसत नाही.

तारखांचा हिशोब लावू. जूनच्या लागवडीच्या कापसाला ऑगस्टमध्ये चांगली फुलं लागतात. १ सप्टेंबरला उमललेलं फूल घ्या. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत त्याच्या धाग्याची लांबी पुरी होते, भरणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे रात्री उबदार असतानाच उरकते, आणि दिवाळीच्या सुमारास बोंड उकलतं. पहिल्या वेचणीचा माल सगळ्यात चांगला का असतो, याचं हे साधं कारण आहे.

यंदा नेमकी हीच खालची, आधीची बोंडं पावसात सापडली. काही सडली, काही पात्या-फुलं असतानाच गळाली. कापसाचं झाड मोठं चिवट. पाणी हटलं, ऊन पडलं की ते शेंड्याकडं पुन्हा नवीन फुलं धरतं. शेतकऱ्यालाही वाटतं, चला, पीक सावरलं. पण १५ ऑक्टोबरला उमललेल्या फुलाचं काय होतं बघा. त्याची लांबी पुरी होते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. भरणीचे दिवस येतात सगळा नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला भाग, जेव्हा मराठवाडा-विदर्भात रात्री १५ अंशांच्या खाली जायला लागलेल्या असतात. बोंड उकलतं डिसेंबरच्या मध्यानंतर. झाडावर बोंडं मोजली तर दिसतात, पण प्रत्येक बोंडाचं वजन कमी, रुई कमी, धागा कच्चा.

म्हणजे पावसानं पिकाचं नुकसान एकदा नाही, दोनदा केलं. एकदा पाण्यानं, आणि दुसऱ्यांदा पीक थंडीच्या तोंडी ढकलून.

यात बाजाराची भर पडली. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवली. त्या काळात गिरणीवाल्याला बाहेरचा मोजून-मापून गाठीवर आकडे लिहिलेला माल शुल्काशिवाय मिळत होता, मग आपल्याकडच्या कच्च्या, मिसळलेल्या मालाला तो भाव कशाला देणार होता? शुल्कमाफी आणि थंडी, दोन्हींचा मार एकाच मालावर पडला.

खरा फरक मोजणीत आहे

आता मूळ मुद्द्याकडं येऊ. उसाला आणि कापसाला, दोघांनाही हवामान भाव घडवतं किंवा बिघडवतं. पण उसात ते मोजलं जातं आणि लिहिलं जातं.

२०२५-२६ साठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये आहे. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४ रुपये ६० पैसे वाढतात. उतारा ९.५ किंवा त्याखाली गेला तरी ३,२९०.५० च्या खाली दर जात नाही. कारखान्याचा उतारा ११.२५ लागला तर हिशोब सरळ आहे, ३,५५० अधिक ३४६, म्हणजे ३,८९६ रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हा उतारा सगळ्या कारखान्याचा असतो, तुमच्या-माझ्या एकट्याच्या उसाचा नाही. काटा आणि उतारा यांवर भांडणंही होतात. तरी भांडायला हातात एक आकडा असतो. थंडीचा फायदा कायद्यानं शेतकऱ्याच्या पदरात लिहिलेला आहे, आणि उतारा पडला तर खाली आधार आहे.

कापसात काय होतं? हमीभावाच्या नियमात लांबी आणि मायक्रोनेअर लिहिलेलं आहे. पण गावात येणाऱ्या खेडा खरेदीच्या गाडीवर कुठलं यंत्र असतं? व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, बोटांनी ओढून बघतो, सरकी चावून ओलावा बघतो आणि भाव सांगतो. त्याचा हात अनुभवी असेलही, पण तो आकडा त्याच्या डोक्यात राहतो, शेतकऱ्याच्या पावतीवर येत नाही. मग चांगल्या पहिल्या वेचणीलाही ‘माल हलका आहे’ म्हणता येतं, आणि शेतकऱ्याकडं उलट बोलायला पुरावा नसतो.

अमेरिकेतल्या टेक्सासच्या उत्तरेकडच्या पठारावरही लवकर येणाऱ्या थंडीमुळं कच्च्या धाग्याची हीच अडचण आहे. पण तिथं जवळजवळ प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत यंत्रावर तपासला जातो, लांबी, ताकद, मायक्रोनेअर सगळं लिहून मिळतं आणि भावातली वाढ-कपात त्या आकड्यावर ठरते. थंडीनं त्यांचंही नुकसान होतं, पण किती झालं ते त्यांना कळतं.

आपल्याकडं ज्ञान नाही असं नाही. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था १९२४ पासून आहे. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे. परभणी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठं आहेत, नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे. देशात कापसाखालची सगळ्यात जास्त जमीन महाराष्ट्रात आहे, आणि त्यातली बहुतेक कोरडवाहू आहे. यंत्रं आहेत, पण ती गिरणीत आणि प्रयोगशाळेत आहेत. ज्या बाजार समितीत शेतकरी गाडी घेऊन उभा असतो, तिथं निदान नमुना तपासून आकडा हातात मिळाला पाहिजे. मातीपरीक्षणाचा अहवाल मिळतो, दुधाची फॅट डेअरीत रोज लागते, तर कापसाचाच आकडा का नको? मागणी करायची तर ही करायला हवी.

तोवर आपल्या हातात काय?

ही बातमी आपल्या गावाजवळ उतरलेल्या टोळीतल्या माणसाला दाखवा, कापूस पट्ट्यातल्या पाहुण्यांना पाठवा. चार गोष्टी आजही करता येतात.

एक, वेचणीचे ढीग वेगळे ठेवा. दिवाळीच्या आसपासचा कापूस आणि डिसेंबरचा कापूस एका गाठोड्यात भरू नका. मिसळलं की चांगल्या मालाचा भाव वाईट मालाच्या भावावर उतरतो. कवडी कापूस तर वेगळाच ठेवा.

दोन, सकाळी दव वाळल्यावरच वेचणी करा. थंडीत पहाटेचा कापूस ओला असतो. वजन वाढल्यासारखं वाटतं, पण ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापला जातो, आणि ओला ढीग पिवळा पडतो.

तीन, उशिराच्या फुलांवर खर्च करू नका. नोव्हेंबरात लागलेलं फूल थंडीत भरणार नाही, त्यासाठी फवारणी आणि खत घालणं म्हणजे पैसा मातीत. फरदड घेऊ नका असं कृषी विभाग गुलाबी बोंडअळीसाठी सांगतोच. धाग्याच्या दृष्टीनंही फरदडीत राम नाही. पाणी असेल तर डिसेंबरात शेत मोकळं करून हरभऱ्यासारखं थंडी मानवणारं पीक घ्यायचा विचार करावा.

चार, हमीभावानं विकायचं असेल तर यंदा कपास निगमच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते. घरचे ऊसतोडीला बाहेर असतील तर सातबारा, आधार आणि पीकपेऱ्याची नोंद कुणाच्या नावावर आहे ते आधीच बघून ठेवा. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना ॲप जमत नाही आणि माल खेडा खरेदीत जातो, अशी वेळ येऊ देऊ नका.

पुढच्या हंगामाची तयारीही याच हिशोबावर करायची. लवकर पिकणारं वाण आणि पाऊस झाल्याबरोबर वेळेत लागवड असेल तर बोंडं ऑक्टोबरच्या उबेत भरतात. लागवड पंधरा दिवस लांबली तर वरची बोंडं थंडीत सापडतात. बियाण्याची पिशवी घेताना नुसतं ‘बोंड मोठं आहे का’ विचारू नका, ‘किती दिवसांत मोकळं होतं’ हेही विचारा.

थंडी दोन्ही शेतांवर सारखीच पडते. आपल्या उसाला तिचा आकडा पावतीवर लिहून मिळतो. आपला ऊस तोडणाऱ्या माणसाच्या कापसाला तो अजून मिळत नाही.